डिस्क ब्रेकचा आवाज (माउंटन बाइक)

डिस्क ब्रेकचा आवाज म्हणजे माउंटन बाइकच्या चाकावरील धातूची चकती (डिस्क किंवा रोटर) आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे ब्रेक पॅड यांच्या घर्षणातून उत्पन्न होणारा अनावश्यक ध्वनी होय. कर्कश किंचाळी, जाड घुरघुर, चाक मोकळे फिरतानाची खसखस आणि धातूवर धातू घासल्याचा खरखराट ही त्याची मुख्य रूपे आहेत. यांपैकी काही निरुपद्रवी असतात, तर काही ब्रेकची पकड नाहीशी होत असल्याची सूचना देतात. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी आवाजाचा प्रकार ओळखणे आवश्यक असते. कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल घालतात त्याप्रमाणे आवाज करणाऱ्या डिस्क ब्रेकला तेल घालणे ही यातील सर्वांत घातक चूक आहे. असे केल्यास आवाज बंद होवो वा न होवो, उतारावर सायकल थांबत नाही.

रचना

माउंटन बाइकचे रोटर स्टेनलेस पोलादाचे असून त्यांचा व्यास बहुधा १६०, १८० किंवा २०३ मिलिमीटर असतो. नव्या रोटरची जाडी साधारणपणे १.८ मिलिमीटर असते. रोटर हबला सहा बोल्टांनी किंवा मध्यभागी एकाच कड्याने आवळलेला असतो. फोर्कवर (चिमट्यावर) किंवा मागील सांगाड्यावर बसवलेल्या कॅलिपरमध्ये पिस्टन असतात. ब्रेकचा लिव्हर दाबल्यावर तेलाच्या दाबाने, आणि यांत्रिक ब्रेकमध्ये तारेच्या ओढीने, पॅड रोटरवर दाबले जातात. लिव्हर सोडलेला असताना पॅड व रोटर यांतील फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते. रोटर किंचित वाकला किंवा कॅलिपर थोडा सरकला तरी घासण्याचा आवाज येतो, त्याचे कारण ही अरुंद फट हेच आहे.

आवाजाचे भौतिक कारण

दोन पृष्ठभाग एकमेकांवर घसरताना नेहमी सारख्याच वेगाने घसरतात असे नाही. ते क्षणभर चिकटतात, ताण वाढला की सुटतात आणि पुन्हा चिकटतात. सारंगीचा गज तारेवरून फिरताना नेमके हेच घडते, आणि ही चिकटण्याची क्रिया नीट व्हावी म्हणूनच गजाला राळ लावतात. ब्रेकमध्ये गजाचे काम पॅड करतो आणि तारेचे काम रोटर. ही चिकट-सुट रोटरच्या किंवा त्याला जोडलेल्या भागांच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली, तर घर्षण स्वतःच कंपनाला ऊर्जा पुरवीत राहते आणि पातळ रोटर झांजेसारखा वाजू लागतो. कंपनात रोटर एकटा नसतो. हब, आरे, फोर्क व सांगाडाही त्यात सामील होतात. एकच ब्रेक एका सायकलवर शांत राहतो आणि दुसऱ्या सायकलवर किंचाळतो, याचे कोडे बऱ्याच अंशी यातून सुटते. सैल बोल्ट, ढिले बेअरिंग किंवा नीट न आवळलेली धुरा यांमुळे कंपनाला अधिक वाव मिळतो.

इतिहास

ही तक्रार डिस्क ब्रेकइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधील अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्ये मोटारीसाठी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्याच्या ब्रेकमधील तांब्याचे अस्तर धातूच्या चकतीवर घासताना असह्य किंचाळत असे. पुढे हर्बर्ट फ्रूड याने अ‍ॅस्बेस्टॉसचे अस्तर सुचवल्यावर हा त्रास कमी झाला. अ‍ॅस्बेस्टॉस आरोग्यास अपायकारक ठरल्याने नंतर मागे पडले.

माउंटन बाइकचा उगम मात्र डिस्क ब्रेकविनाच झाला. कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत १९७६ साली सुरू झालेल्या ‘रीपॅक’ या उताराच्या शर्यतीत जुन्या जाड टायरच्या सायकली वापरल्या जात. पायंडल उलटे दाबून लागणारे त्यांचे हबमधील ब्रेक एका फेरीतच इतके तापत, की आतील ग्रीस जळून जाई आणि हबमध्ये नवे ग्रीस भरावे लागे. शर्यतीला नाव मिळाले ते यावरूनच. डोंगरउतारावर ब्रेकमध्ये किती उष्णता निर्माण होते याची कल्पना या नावातून येते. डिस्क ब्रेक माउंटन बाइकवर रुळले ते १९९० च्या दशकात व त्यानंतर.

निदान

पहिला प्रश्न आवाज केव्हा येतो हा असतो. ब्रेक न दाबता चाक फिरवल्यावर प्रत्येक फेरीत एकदाच खसखस होत असेल, तर रोटर एका जागी वाकलेला असतो. खसखस अखंड असेल, तर कॅलिपर मध्यभागी नसतो किंवा एखादा पिस्टन मागे सरकत नसतो. केवळ जोराच्या वळणावर घासत असल्यास धुरा व हबचे बेअरिंग तपासतात. लांब उतारानंतर काही काळ येणारी खसखस तापलेल्या रोटरच्या विकृतीमुळे असते व तो निवल्यावर ती बहुधा थांबते.

ब्रेक दाबल्यावर येणाऱ्या आवाजाबाबत दुसरा प्रश्न विचारावा लागतो: पकड पूर्वीइतकीच आहे काय? पकड चांगली असून किंचाळी येत असेल, तर कारण कंपनाचे असते आणि घाई नसते. किंचाळीसोबत पकड कमी झाली असेल, तर पॅडवर तेल लागले असण्याची किंवा अतितापाने त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला असण्याची शक्यता मोठी असते. अशी सायकल उतारावर नेणे धोक्याचे असते. तिसरी शक्यता खरखराटाची. पॅडचे घर्षणद्रव्य संपून त्यामागील धातूची पट्टी रोटरला खरवडत असल्यास ब्रेक ताबडतोब वापरातून काढावा लागतो.

तेलाचा संसर्ग

व्यवहारात किंचाळीचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे रोटर व पॅडवर पोहोचलेला स्निग्ध पदार्थ. साखळीवर फवाऱ्याने मारलेले वंगण हवेतून मागील रोटरवर बसते. सांगाडा चमकवण्याचे पॉलिश, बोटांचा तेलकटपणा, धुताना साखळीवरून ओघळलेले काळे पाणी हे इतर मार्ग होत. म्हणूनच साखळीला थेंबाथेंबाने वंगण देऊन उरलेले पुसून घेणे श्रेयस्कर असते, आणि रोटर नेहमी कडेने वा मधल्या भुजांना धरून उचलतात.

रोटर धातूचा असल्याने तो स्वच्छ होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कोऱ्या फडक्याने तो पुसतात व फडके काळे होणे थांबेपर्यंत त्याची स्वच्छ बाजू वापरीत राहतात. पॅडची गोष्ट वेगळी आहे. त्याचे घर्षणद्रव्य सच्छिद्र असल्यामुळे तेल आत मुरते. केवळ वरचा थर गुळगुळीत झालेला असेल, तर सपाट पृष्ठभागावर ठेवलेल्या बारीक सँडपेपरवर पॅड हलक्या हाताने घासल्यास तो पुन्हा कामी येतो. ती धूळ श्वासावाटे आत जाऊ न देण्याची काळजी घ्यावी लागते. मुरलेले तेल मात्र घासून निघत नाही. गॅसच्या ज्योतीवर किंवा भट्टीत पॅड तापवून तेल जाळण्याचा उपाय सायकलस्वारांत प्रचलित आहे, परंतु त्यातून घातक धूर निघतो व घर्षणद्रव्य पट्टीपासून सुटण्याचा धोका राहतो. पॅडची किंमत पाहता ही काटकसर अनाठायी म्हणावी लागते.

नवे पॅड बसवूनही काही दिवसांत तेच घडले, तर तेल बाहेरून येत नसून कॅलिपरमधील पिस्टनच्या सीलमधून झिरपत असते. पॅड काढून पिस्टनभोवतीचा ओलसरपणा पाहिल्यास हे कळते. तेथे सील वा कॅलिपर बदलल्याखेरीज दुसरा उपाय नाही.

कॅलिपरची मांडणी

कॅलिपर मध्यभागी आणण्याची सोपी रीत अशी: त्याचे दोन बोल्ट सैल करायचे, लिव्हर दाबून धरायचा आणि त्याच स्थितीत बोल्ट थोडेथोडे आळीपाळीने आवळायचे. पॅड रोटरला धरतात तेव्हा कॅलिपर आपोआप योग्य जागी येतो. शिमानो ही उत्पादक कंपनी या बोल्टांसाठी ६ ते ८ न्यूटन-मीटर पीळ सांगते. दोन पिस्टन सारखे सरकत नसतील तर ही रीत फसते. मग पांढऱ्या कागदाची पार्श्वभूमी ठेवून दोन्ही बाजूंची फट डोळ्यांनी पाहत कॅलिपर हाताने सरकवावा लागतो. ज्या यांत्रिक ब्रेकमध्ये एकच पॅड हलतो, त्यांत स्थिर पॅड रोटरच्या शक्य तितका जवळ ठेवतात. वाकलेला रोटर त्यासाठीच्या खाचेच्या पट्टीने हळूहळू सरळ करता येतो. रोटरचे सहा बोल्ट बहुधा टी-२५ मापाच्या टॉर्क्स पान्याने आवळले जातात. ते समोरासमोरच्या क्रमाने आवळतात.

पॅडचे प्रकार व बसवणी

रेझिनचे पॅड तुलनेने शांत असतात, पण चिखलपाण्यात लवकर झिजतात. धातुमिश्रित पॅड अधिक उष्णता सोसतात व अधिक वाजतात. काही स्वस्त रोटरांवर केवळ रेझिनचे पॅड वापरण्याची सूचना कोरलेली असते. त्यांवर धातुमिश्रित पॅड लावल्यास रोटर वेगाने झिजतो.

नव्या पॅडचा आवाज हा अनेकदा बसवणी न झाल्याचा परिणाम असतो. पॅडमधील द्रव्याचा पातळ, सारखा थर रोटरवर चढेपर्यंत पकड अपुरी असते. त्यासाठी मोकळ्या, सपाट रस्त्यावर मध्यम वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत सायकल मंदावण्याची क्रिया प्रत्येक ब्रेकने स्वतंत्रपणे सुमारे वीस वेळा केली जाते. या वेळी चाक पूर्ण थांबू देत नाहीत, कारण थांबलेल्या जागी द्रव्याचा डाग उमटतो आणि पुढे तो प्रत्येक फेरीत धक्का देतो.

ओल्या रोटरची किंचाळी याहून निराळी. पावसात किंवा ओढा ओलांडल्यावर ती येते आणि दोन-चार वेळा ब्रेक लावून पाणी उडाले की जाते. सह्याद्रीतील पावसाळी वाटांवर तिच्यासाठी ब्रेक उघडून बसण्याचे कारण नसते. चिखलातील बारीक वाळू मात्र पॅडमध्ये रुतून राहू शकते, म्हणून अशा फेरीनंतर रोटर व कॅलिपर साध्या पाण्याने धुतात.

झीज व खबरदारी

घर्षणद्रव्याची जाडी ०.५ मिलिमीटर उरली की शिमानोचे पॅड बदलायचे असतात. याच कंपनीचे रोटर १.५ मिलिमीटरपर्यंत झिजल्यावर बाद ठरतात. चाक काढलेले असताना लिव्हर दाबल्यास पिस्टन बाहेर सरकतात, म्हणून पॅडमध्ये प्लॅस्टिकची पट्टी अडकवून ठेवतात. फिरत्या रोटरच्या छिद्रांत बोट अडकून गंभीर इजा होऊ शकते, आणि उतारानंतरचा रोटर कातडी भाजण्याइतका तापलेला असतो. त्यामुळे कोणतीही तपासणी चाक थांबवून व रोटर निवल्यावरच केली जाते. काही ब्रेकांत खनिज तेल, तर काहींत डॉट प्रकारचे द्रव असते. एकाच्या जागी दुसरे भरल्यास सील फुगून निकामी होतात. डॉट द्रवाने सायकलचा रंगही उतरतो.