घाटाखालची हेरकथा

सत्तरच्या दशकात मराठी हेरकथेने जग पालथं घातलं. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप शत्रूच्या गोटात शिरायचा आणि शे-सव्वाशे पानांत कामगिरी फत्ते करून परतायचा. पुढे फोर्सिथ, मॅक्लीन मराठीत आले. अशी भाषांतरं आणणाऱ्या मेहता प्रकाशनाची मुळं कोल्हापूरच्याच अजब पुस्तकालयात. पूर्व बर्लिन, केजीबी, रात्री-अपरात्री दारावर पडणारी थाप, सगळं आम्ही रंकाळ्याच्या वाऱ्यात बसून वाचलं.

तशी थाप घाट उतरलं की खरोखर ऐकू यायची. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या अमलातल्या गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावी लागे! नवऱ्यामुलाचं नाव नि मुहूर्तही सरकार तपासत असेल, तर हेरकथेला आणखी काय सामग्री हवी?

सांगलीचा मनोहर आपटे हा तरुण याच गोव्यात मोहन रानडे या नावाने शिरला आणि सावईवेऱ्यात मुलांना शिकवू लागला. दिवसा मास्तर, रात्री गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचा माणूस. ऑक्टोबर 1955 मध्ये बेतीच्या पोलिस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून तो पकडला गेला. शिक्षा 26 वर्षांची. त्याला थेट लिस्बनजवळच्या काशियाश तुरुंगात नेऊन ठेवलं. डिसेंबर 1961 मध्ये गोवा सुटला, रानडे सुटले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी जे झटले त्यांत सुधीर फडके होते. जन्माने कोल्हापूरचे, आणि 1954 च्या दादरा-नगरहवेलीच्या मोहिमेत स्वतः उतरलेले. गायक-संगीतकार सशस्त्र मोहिमेवर निघतो, हे कादंबरीत लिहिलं असतं तर आपण लेखकाला वेड्यात काढलं असतं. रानडे सुटले जानेवारी 1969 मध्ये.

खलनायकही तयार होता. गोव्यात छळासाठी कुप्रसिद्ध झालेल्या काझिमिरो मोंतेरो या पोलिसाने फेब्रुवारी 1965 मध्ये, ‘पिडे’ या पोर्तुगीज गुप्त पोलिसांच्या टोळीतून स्पेनच्या हद्दीत जाऊन, सालाझारचे विरोधक जनरल उंबेर्तो देल्गादो यांना ठार केलं. फोर्सिथचा ‘जॅकल’ आला 1971 मध्ये.

तरी आपल्या पॉकेटबुकांनी हा माल उचलला नाही. नाईक मूळचे गोव्याचेच, पण त्यांचा नायक लष्करी गणवेशातला आणि शत्रू सीमेपलीकडचा. मला वाटतं, अडचण इथेच होती. गोव्यातला खबऱ्या परका नव्हता. तो देवळात शेजारी बसायचा, मराठी-कोकणीत ख्यालीखुशाली विचारायचा. कॅप्टन दीपने ठोसा मारायचा कुणाला?

रानड्यांनी आपली हकिगत ‘सतीचे वाण’मध्ये स्वतःच लिहिली. वाचनालयात ती आत्मचरित्रांच्या कपाटात शोधावी लागते. मोंतेरोच्या बाजूने मात्र अजून कुणी मराठी रहस्यकथाकाराने लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.