गोलंदाज बाळू पालवणकर

खेळांतील कीर्ति अल्पायुषी असते. ज्याच्या नांवाचा जयघोष सहस्रावधि लोक करितात, त्याचें नांव पुढील पिढीस ठाऊकही नसतें. आमच्या गोंदिया जिल्ह्यांत धानाची कापणी झाली कीं रिकाम्या बांध्यांतून मुलांचे क्रिकेटचे डाव रंगूं लागतात. आजच्या खेळाडूंचीं नांवें या मुलांस मुखोद्गत असतात. परंतु बाळू पालवणकर कोण, असें विचारल्यास बहुतेक जण गप्प राहतात. यास्तव या थोर गोलंदाजाचा अल्प परिचय आम्ही येथें करून देत आहों.

बाळूंचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें एका चांभार कुटुंबांत झाला. वडील लष्करी खात्यांत नोकरीस असल्यामुळें त्यांचें बालपण पुण्यास गेलें. तेथें पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबांत मैदान झाडणें व खेळपट्टीवर रूळ फिरविणें हें काम त्यांस मिळालें. वेतन महिना ३ रुपये. पुढें ते पूना क्लबांत गेले. तेथील सभासद सारे युरोपियन. त्यांच्या सरावासाठीं बाळूंनीं तासन्‌तास चेंडू टाकावे, हा नित्यक्रम झाला. फलंदाजी मात्र साहेबांनीं करावयाची; बाळूंच्या हातीं फळी येत नसे. जे. जी. ग्रेग नांवाचा नामांकित फलंदाज, बाळूंनीं आपणांस बाद केल्यास दर वेळीं त्यांस आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे.

या चाकरींतूनच त्यांची विद्या सिद्ध झाली. ते डाव्या हातानें मंद गतीनें चेंडू टाकीत. अशा गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडतांच उजव्या हातानें खेळणाऱ्यापासून दूर वळतो. खेळणारा त्या वळणास सरावला कीं तशाच हालचालीनें एखादा चेंडू सरळ किंवा उलट दिशेनें आंत आणावयाचा. शिवाय चेंडूस कधीं अधिक उंची द्यावयाची, कधीं वेग किंचित् कमी करावयाचा. हे सारे भेद बाळूंस साधले होते.

पुण्याच्या हिंदु संघास युरोपियनांशीं सामना द्यावयाचा होता, तेव्हां मोठा पेंच पडला. बाळूंवांचून जय दुर्लभ. परंतु अस्पृश्यास संघांत घ्यावयाचें कसें? अखेर त्यांस घेतलें. मैदानावर त्यांनीं हाताळलेला चेंडू सर्वांच्या हातीं फिरे. चहाची वेळ झाली म्हणजे मात्र त्यांचा चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांत येई. भोजनाचें ताट निराळें, बसण्याची जागाही निराळी. चेंडूस विटाळ होत नाहीं आणि पेल्यास होतो, ही कोणती शुद्धता? न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं पुण्याच्या सभेंत बाळूंचा जाहीर गौरव केला आणि, ज्याच्यासह खेळतां त्याच्यासह अन्न कां घेत नाहीं, असा प्रश्न लोकांस केला.

पुढें बाळू मुंबईस आले, रेल्वेंत नोकरीस लागले व हिंदु जिमखान्याकडून खेळूं लागले. १९०६ च्या फेब्रुवारींत हिंदु संघानें युरोपियनांचा १०९ धावांनीं पराभव केला. त्या जयांत बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वांटा होता. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ विलायतेस गेला. २३ सामन्यांपैकीं ६ जिंकले, १५ हरले. संघ दुर्बळ ठरला, तरी बाळूंनीं या दौऱ्यांत एकूण ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध तर एका डावांत १०३ धावांत ८ गडी घेतले. वयाच्या ३५ व्या वर्षीं, परक्या हवेंत, दुखऱ्या खांद्यानें केलेली ही कामगिरी आहे!

तथापि कर्णधारपद त्यांस कधींच मिळालें नाहीं. गडी बाद करावे बाळूंनीं आणि आज्ञा द्याव्या इतरांनीं, असाच क्रम राहिला. १९२० सालीं त्यांस वगळून, कर्णधार निवडतांना त्यांचे बंधु विठ्ठल यांचाही हक्क डावलण्यांत आला. तेव्हां विठ्ठल व शिवराम या बंधूंनीं जाहीर निषेध करून संघांतून अंग काढून घेतलें. लोकमत खवळलें. अंतिम सामन्यास बंधु परत आले, बाळू उपकर्णधार झाले, आणि कर्णधार पै मैदानाबाहेर गेले असतां थोडा वेळ कां होईना, संघाचें नेतृत्व बाळूंनीं केलें. १९२३ मध्यें विठ्ठल रीतसर कर्णधार झाले व त्यांच्या संघानें चौरंगी सामने जिंकले. वडील भावानें पेरलें, तें धाकट्याच्या पदरांत पडलें.

१९३२ च्या पुणें करारावर बाळूंची सही आहे. १९३७ च्या निवडणुकींत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व सुमारें दोन हजार मतांनीं पराभूत झाले. एकाच अन्यायाचे चटके सोसलेले हे दोघे; त्यांचे मार्ग मात्र निराळे होते. ४ जुलै १९५५ रोजीं मुंबईस बाळूंचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रहो, खेळानें भेदभाव आपोआप नाहींसा होतो असें पुष्कळ जण म्हणतात. बाळूंचें चरित्र पाहतां आम्हांस तसें वाटत नाहीं. चेंडूनें त्यांस न्याय दिला, कारण तो जात जाणत नाहीं. माणसांकडून न्याय मिळण्यास मात्र दोन बंधूंस संघ सोडावा लागला. तुमच्या संघांत लांब गेलेला चेंडू आणण्याचें काम नेहमीं कोणाकडे असतें, फळी कोणास मिळत नाहीं आणि डबा उघडतांना कोण बाजूस बसतो, हें पुढील सामन्याच्या दिवशीं अवश्य पाहा.