नळ आला, पण मोरीचं काय?

परिसर अभ्यासात 'पाणी' शिकवताना आपण धरण आणि नळ इथंच थांबतो. यंदा मुलांना जुन्या मुंबईची गोष्ट सांगून बघा.

मुंबईत १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी आलं, १८९२ मध्ये तानसाचं. सांडपाणी वाहून न्यायची सोय मात्र मागेच राहिली. १८९६ ला प्लेग आला, तेव्हा सरकारी माणसं घरोघरी शिरून मोऱ्या, गटारं तपासू लागली. पुढे १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी शहरातल्या हिवतापाचं मूळ शोधलं. डास वाढत होते ते मुख्यतः घरच्या विहिरींत! मग विहिरी बुजवणं, झाकणं सुरू झालं. लोक चिडले, कारण काही विहिरींशी श्रद्धा जोडलेली. शिवाय एकट्या नळावर भरवसा कसा ठेवायचा?

हा प्रश्न जालन्यात आपल्याला चांगलाच कळतो. नळ रोज येत नाही, म्हणून घरोघरी ड्रम भरलेले. पालकहो, आठवड्यातून एकदा ड्रम आतून घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात. पाणी ओतणं परवडत नसेल तर तोंडाला सुती कापड घट्ट बांधा. आणि अळ्या शोधायचं काम मुलांकडे द्या, हातात टॉर्च देऊन.