शब्दांच्या जाती
मोहोपाड्यात अभ्यासाला बसलेल्या मुलांनी विचारले, ‘वकीलसाहेब, शब्दांनाही जाती?’ असतात बाबांनो. पण इंग्रजीत त्या जन्माने चिकटत नाहीत, वाक्यातल्या कामावरून ठरतात. ‘टच’ कधी क्रियापद, कधी नाम. ‘एबल’ जोडा, विशेषण झाले. आधी ‘अन’ लावा, ‘अनटचेबल’. आपल्या बापजाद्यांच्या कपाळी मारलेला शब्द! त्याचे भाववाचक नाम ‘अनटचेबिलिटी’. संविधानाच्या कलम १७ ने तीच नष्ट केली, तिची ‘प्रॅक्टिस’ही निषिद्ध ठरवली. तिथे प्रॅक्टिस नाम आहे, म्हणून स्पेलिंगात ‘सी’. क्रियापद असते तर ‘एस’.

ही घोकंपट्टी कशाला? उच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत येतात. ॲट्रॉसिटीतला फिर्यादी निकाल हाती धरून वकिलाच्या तोंडाकडे पाहत राहतो. वकील मीच असतो, म्हणून सांगतो.