कोर्लईच्या बोलीतील क्रियापदे

मुरूड तालुक्यातील कोर्लई या किनाऱ्यावरील गावी ख्रिस्ती समाज जी बोली बोलतो, तिला तो ‘नो लिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतो. ती पोर्तुगीजोद्भव आहे. पोर्तुगीज सत्ता येथून १७४० मध्ये गेली, बोली राहिली.

तिची क्रियापदे अंत्य स्वरावरून ओळखावीत. ‘काता’ (गाणे), ‘बेबे’ (पिणे), ‘सुबी’ (चढणे) हे तीन गट पोर्तुगीजांतून आले. चौथा, उकारान्त गट मात्र येथेच घडला. मराठीतून घेतलेल्या क्रियापदांचा तो गट होय. जसे, ‘लोटणे’वरून ‘लोटू’.

मराठी भाषकाची फसगत होते ती नेमकी याच गटात. चालू क्रिया दाखविताना चारही गटांना ‘न’ लागतो. ‘काता’चे ‘कातान’ झाले, तर ते परके म्हणून लक्षात राहते. पण ‘लोटू’चे ‘लोटून’ होताच ते मराठीच वाटते. मराठीत ‘लोटून’ म्हणजे क्रिया आटोपली. कोर्लईत ‘ते लोटून’ म्हणजे लोटणे चालू आहे, आणि हे ‘ते’ सर्वनाम नसून ‘आहे’ या अर्थाचे क्रियापद आहे!

ही बोली बोलणारे आज हजाराच्या आसपास असून मुले मराठी शाळेत शिकतात. एखाद्या मुलाने ‘लोटत’च्या जागी ‘लोटून’ लिहिले, तर ते अशुद्ध मराठी नसून घरच्या व्याकरणाचा नियम असू शकेल, हे शिक्षकाने तांबडी रेघ ओढण्यापूर्वी पाहावे.