वाळवंटातला वसंत

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. नजर पोहोचेल तिथवर वाळूच वाळू, डोक्यावर आग ओकणारा सूर्य, क्षितिजावर उंटांची एक रांग, आणि झाडझाडोरा म्हणाल तर शून्य. शाळेच्या पुस्तकातही बहुधा असेच चित्र असते. अशा ठिकाणी वसंत ऋतू येतो, झाडे फुलतात, पाखरे घरटी करतात, असे कुणी सांगितले तर तुम्ही म्हणाल, ‘गुरुजी, थट्टा करता की काय?’ पण ही थट्टा नव्हे. आपल्याच देशातल्या थरच्या वाळवंटात फाल्गुन-चैत्रात निसर्गाचा जो उत्सव चालतो, त्याची थोडी ओळख करून घेऊ या. ती ओळख आपल्या सोलापूर, नगर, बीड, माण-खटावकडच्या मंडळींना विशेष उपयोगी पडेल असे मला वाटते. का, ते पुढे ओघाने येईलच.

प्रथम थर म्हणजे काय ते पाहू. राजस्थानचा पश्चिम भाग आणि पलीकडे पाकिस्तानातला सिंध मिळून सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरचा हा कोरडा प्रदेश आहे. सगळीकडे वाळूचे डोंगर आहेत असे मात्र समजू नका. कुठे वाळूच्या टेकड्या, कुठे गवताळ माळ, कुठे नुसता खडक, तर कुठे मुरमाड जमीन. जैसलमेरकडे वर्षाचा पाऊस कसाबसा दोनशे मिलिमीटर. आपल्या सोलापूर जिल्ह्यात सरासरी पाचशेच्या वर पडतो आणि तरी आपण दुष्काळी म्हणवतो! एवढ्याशा पावसात इथे माणसे राहतात, बाजरी पिकवतात, गाई-मेंढ्या पाळतात. जगातल्या वाळवंटांमध्ये दाट वस्तीचे वाळवंट म्हणून थरचे नाव घेतात.

आता मुख्य कोडे. पाऊस पडून सहा महिने झाले. जमिनीचा वरचा थर हाताने चाळला तर धूळ उडते. मग फाल्गुनात झाडे फुलतात ती कशाच्या जोरावर?

याचे उत्तर जमिनीखाली आहे. वाळवंटात दोन प्रकारची वनस्पती राहते. एक प्रकार पाहुण्यांचा. पाऊस पडला की थोड्या काळात उगवायचे, फुलायचे, बी टाकायचे आणि नाहीसे व्हायचे. ही छोटी रोपे थरमध्ये श्रावण-भाद्रपदात दिसतात. दुसरा प्रकार घरच्या माणसांचा. ही झाडे-झुडपे वर्षानुवर्षे तिथेच उभी असतात. त्यांनी आपली मुळे खोल ओलीपर्यंत नेलेली असतात. वरचे ढेकूळ कोरडे असो की ओले, त्यांना त्याचे सुतक नसते. वसंतात फुलतात ती ही झाडे.

पण याच ऋतूत का? त्यातही मोठा हिशेब आहे, बरं का. फाल्गुन-चैत्रात फूल आले की वैशाख-ज्येष्ठात शेंग किंवा फळ पिकते आणि बी जमिनीवर पडते. पाठोपाठ आषाढाचा पाऊस येतो. म्हणजे पेरणी पावसाच्या तोंडावर! आपला शेतकरी धूळवाफेची पेरणी करतो, तीच युक्ती ही झाडे कितीतरी आधीपासून करीत आली आहेत.

काही झुडपांनी तर पानांचा खर्चच वाचवला आहे. पान म्हणजे पाणी उडून जाण्याचे दार. तेव्हा दारेच कमी ठेवली! फोग, खिंप आणि केर ही झुडपे बहुतेक काळ बिनपानांची असतात. त्यांच्या हिरव्या काड्याच पानांचे काम करतात, सूर्यप्रकाशातून अन्न तयार करतात. केर म्हणजे आपल्याकडे कोरड्या माळावर दिसणारी नेपती. वसंतात या काटेरी हिरव्या जाळीवर विटकरी-लाल फुले येतात. फोग वाळूच्या टेकड्यांवर वाढतो, आपल्या मुळांनी वाळू धरून ठेवतो. त्याला बारीक गुलाबीसर फुले येतात. तिकडचे लोक त्याच्या कळ्या गोळा करून दह्यात रायते करतात.

सगळ्यांत देखणा मात्र रोहिडा. मराठीत याला रक्तरोहिडा म्हणतात. मार्च महिन्यात रोहिड्याला घंटेच्या आकाराची मोठी फुले येतात. एक झाड पिवळे, शेजारचे नारिंगी, पलीकडचे लालभडक! फुलांना वास नाही, पण मध भरपूर. त्यासाठी बुलबुल आणि सूर्यपक्षी यांची झाडावर दिवसभर ये-जा असते, आणि परागीभवनाचे काम आपोआप होते. राजस्थानने १९८३ साली रोहिड्याचे फूल राज्यपुष्प म्हणून निवडले. याचे लाकूड इतके चांगले की त्याला ‘मारवाडचा साग’ म्हणतात. तोच त्याचा घात झाला. लाकडासाठी फार तोड झाली, आणि झाड हळू वाढणारे.

आणि खेजडी. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच. थरच्या शेतकऱ्याला ती देवीसारखीच वाटते, आणि त्याला कारणे आहेत. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, सगळे रान वाळत असताना, ही नवी पालवी घेते. पाला शेळ्या-उंटांना चारा. कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी, त्यांची भाजी. मुळांवाटे जमिनीला नत्र मिळते, म्हणून शेतातल्या खेजडीखाली बाजरी चांगली येते. आपण शेतातले झाड सावली धरते म्हणून तोडतो, तिकडचा शेतकरी ते मुद्दाम राखतो.

केरची फळे कडू असतात. ती मिठाच्या पाण्यात किंवा ताकात काही दिवस मुरवून कडूपणा काढतात, मग वाळवून ठेवतात. केर-सांगरीची भाजी अशा वाळवणांतूनच होते. शीतळाष्टमीला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचे अन्न खायचे, असा तिकडचा रिवाज. त्या दिवशी ही भाजी घरोघर असते. त्यांच्या पंचांगाने ती चैत्र वद्य अष्टमी, आपल्या पंचांगाने फाल्गुन वद्य अष्टमी. दिवस एकच, महिन्याचे नाव तेवढे वेगळे. म्हणजे ज्या दिवशी वसंत भरात असतो, त्याच दिवशी वाळवंटाच्या झाडांचा मेवा पानात पडतो.

आता प्राण्यांकडे वळू. वाळवंटातले प्राणी पाहायचे तर पहाटे उठावे. वाळू ही निसर्गाची धूळपाटी आहे. रात्रभर जे जे कुणी चालले त्याची नोंद तिच्यावर असते. भुंग्याच्या पायांची बारीक शिवण, उंदरांच्या उड्यांचे ठसे, कोल्ह्याची सरळ रांग, आणि फुरसे आडवे सरकत गेले असेल तर तिरप्या रेघांची ओळ. ऊन चढून वारा सुटला की पाटी पुसली जाते.

थंडीत बिळात झोपलेला सांडा याच दिवसांत बाहेर येतो. ही काटेरी शेपटीची मोठी पाल. दिसायला उग्र, पण पोट भरते मुख्यतः पाल्याफुलांवर. चिंकारा हरणाला पाणी दिसले नाही तरी चालते, झाडपाल्यातल्या ओलाव्यावर त्याचे भागते. चिंकारा आपल्याकडेही आहे. पुणे जिल्ह्यात सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य त्याच्याचसाठी आहे.

पखुर्डीची गंमत तर मुलांना अवश्य सांगावी. या पक्ष्याची पिल्ले उघड्या माळावर, पाण्यापासून लांब असतात. मग नर पाणवठ्यावर जातो, पोट पाण्यात बुडवतो, पोटाची पिसे स्पंजासारखी पाणी धरून ठेवतात, आणि तसाच उडत येऊन तो पिल्लांना ती पिसे चोखू देतो. पाण्याची कावड म्हणतात ती हीच!

फलोदीजवळ खीचन नावाचे गाव आहे. तिथे हिवाळ्यात हजारो कुरजा, म्हणजे आपण ज्यांना कांड्या करकोचे म्हणतो ते पक्षी, मध्य आशियाकडून येतात. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना रोज दाणे घालतात. वसंत आला की हे पाहुणे थवे करून उत्तरेकडे निघतात. २०२५ साली खीचनच्या पाणथळ जागेला रामसर करारातली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. सरकारी कागदाच्या कितीतरी आधी गावाच्या ओंजळीने हे काम केले, हे ध्यानात घ्या.

आणि माळढोक. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. उंची मीटरभर, वजन दहा-पंधरा किलोपर्यंत, उडणाऱ्या पक्ष्यांतला अगदी भारी. विणीच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवतो, शेपटी उभारतो आणि लांबवर ऐकू जाणारा घुमारा काढतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. आज सगळ्या देशात मिळून दीडशेच्या आसपासच माळढोक उरले आहेत, तेही मुख्यतः जैसलमेरकडे. आपल्या नान्नजला १९७९ साली याच पक्ष्यासाठी अभयारण्य झाले, पण आज तिथे त्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे. आपल्या माळावरून जे गेले, ते तिकडे अजून तग धरून आहे. जैसलमेरजवळ सम येथे २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे काम सुरू आहे. पण माळावरून जाणाऱ्या विजेच्या तारा त्याला समोरून नीट दिसत नाहीत, आणि जड अंगामुळे ऐन वेळी वळता येत नाही. तारांवर आपटून तो मरतो. या तारांचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे.

माळढोक का संपत आला? शिकार हे एक कारण. पण दुसरे कारण आपल्या बोलण्यात दडले आहे. माळ दिसला की आपण म्हणतो, ‘ही जमीन पडीक आहे.’ पडीक म्हटले की मग ती कशीही वापरायला आपण मोकळे! कुणी नांगरतो, कुणी खणतो, आणि कुणी चांगल्या हेतूने तिथे नको ती झाडे लावतो.

या शेवटच्या गोष्टीचे उदाहरण जोधपुरातच आहे. वाळवंट हिरवे करावे म्हणून गेल्या शतकात तिकडे परदेशी वेडी बाभूळ आणली गेली. सरपण मिळाले, कोळसा मिळाला, हे खरे. पण तिच्या शेंगा जनावरे खातात, शेणातून बी सगळीकडे पडते, आणि ती बाकीच्या झाडांना उभे राहू देत नाही. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी असलेला सत्तर हेक्टरांचा खडकाळ भाग तिने व्यापून टाकला होता. २००६ साली तिथे राव जोधा उद्यानाचे काम सुरू झाले. निसर्गअभ्यासक प्रदीप कृष्ण यांनी ते हाती घेतले. बाभूळ वरून तोडली तर पुन्हा फुटते, आणि मुळे तर पक्क्या खडकात! हा खडक सुमारे पंचाहत्तर कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा. अखेर दगडखाणीत काम करणारे खांडवालिया कामगार बोलावले. छिन्नी-हातोड्याच्या आवाजावरून खडक कुठे फुटेल ते त्यांना कळते. त्यांनी खडक फोडून मुळे काढली, आणि त्याच खळग्यांत वाळवंटाची मूळची झाडे लावली. आज तिथे पायवाटेने हिंडताना थोर, केर, रोहिडा आणि खडकावरची कितीतरी झुडपे पाहायला मिळतात. बाग म्हणजे हिरवळ आणि गुलाबाचे वाफेच असले पाहिजेत असे नाही, हे ही बाग शिकवते.

थरमधली झाडे आजवर टिकली ती नुसत्या मुळांच्या बळावर नव्हे. माणसांनी त्यांच्यासाठी मोल दिले आहे. १७३० साली जोधपूरच्या राजवाड्यासाठी चुन्याच्या भट्टीला लाकूड हवे होते. राजाची माणसे खेजडली गावात खेजडी तोडायला आली. अमृतादेवी नावाच्या बिश्नोई स्त्रीने झाडाला मिठी मारली. ती मारली गेली, तिच्या मुली मारल्या गेल्या, आणि आसपासच्या गावांतले मिळून ३६३ लोक झाडांसाठी प्राणास मुकले. गावोगाव ‘ओरण’ आहेत. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान, आपल्या देवराईचे भावंडच. तिथे कुऱ्हाड चालत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या ओरणांची मोजणी करून त्यांना वनाचे संरक्षण द्यावे असे सांगितले. पण आज सौर विजेच्या प्रकल्पांसाठी खेजडी तोडली जाते, आणि त्याविरुद्ध बिकानेरकडे लोकांनी आंदोलने केली आहेत. वीज हवी, यात वाद नाही. पण ती कुठल्या जमिनीवर उभी करायची, याचा विचार आधी व्हायला नको का?

आता हे सगळे तुम्हाला का सांगितले? आपल्याही गावाबाहेर माळ आहे. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, येत्या फाल्गुनात मुलांना घेऊन एक दिवस सकाळी तिथे जा. कोणती झुडपे फुलली आहेत, कुणाला पाने आहेत, कुणाला नाहीत, धुळीत कुणाचे ठसे आहेत, याची एका वहीत नोंद करा. गावातल्या म्हाताऱ्या मंडळींना झाडांची नावे विचारा. ती नावे त्यांच्याबरोबर जातील, त्याआधी वहीत येऊ द्या. दरवर्षी तीच नोंद करा. चार-पाच वर्षांत तुमच्या शाळेजवळ असा दस्तऐवज तयार होईल, जो कुठल्याही छापील पुस्तकात मिळणार नाही.

आणि शेतकरी मंडळी, झाड लावायचे तर मातीला आणि पावसाला मानवेल ते लावा. बांधावर शमी, बोर, हिवर, बाभूळ असू द्या. गवताचा माळ असेल तर तो गवताचाच राहू द्या. तिथे झाडांची गर्दी केली तर पखुर्डीने आणि चिंकाऱ्याने जायचे कुठे? वेडी बाभूळ रोप असतानाच मुळासकट उपटा. मोठी झाल्यावर तिला काढायला खडक फोडणारी माणसे लागतात, हे जोधपूरने पाहिले आहे.

दोनशे मिलिमीटर पावसात जर एवढा वसंत फुलतो, तर आपल्या माळावर किती फुलेल! मात्र त्या माळाला पडीक म्हणणे आधी आपल्या तोंडातून गेले पाहिजे.