पाप हसण्यावारी नेताना

मराठीत 'पापभीरू' असा एक जुना शब्द आहे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत एखाद्याला पापभीरू म्हटले, की घराच्या किल्ल्या त्या माणसाच्या हाती निर्धास्तपणे द्याव्यात असा त्याचा अर्थ होई. आज तोच शब्द उच्चारताना ओठांवर अर्धे हसू असते. पापभीरू म्हणजे भित्रा, व्यवहारशून्य, जगाच्या मागे राहिलेला. शब्द तोच राहिला, आपला स्वर मात्र बदलला.

या बदललेल्या स्वराची साक्ष आपल्या मोबाईलवर रोज येते. धर्मगुरूंपुढे पापनिवेदनास आलेला मद्यपी, प्रायश्चित्त म्हणून किती 'नमो मरिया' म्हणाव्या लागतील याचा आगाऊ हिशेब करणारा लबाड व्यापारी, शेजारणीची पापे सांगून स्वतःची विसरणारी बाई, ही पात्रे आपल्या चांगल्या परिचयाची झाली आहेत. धर्मग्रामाच्या व्हॉट्सअॅप गटावर सकाळी शुभवर्तमानातील वचन येते आणि दुपारी यांच्यापैकी एखादे पात्र येते. दोन्हींना तोच अंगठा दाखवला जातो.

दुसरे महायुद्ध संपून जेमतेम एक वर्ष झाले होते. २६ ऑक्टोबर १९४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे भरलेल्या धर्मशिक्षण परिषदेला पोप पायस बारावे यांनी नभोवाणीवरून संदेश दिला. आजच्या जगाचे कदाचित सर्वांत मोठे पाप म्हणजे माणसांची पापाची जाणीवच हरवू लागली आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. छळछावण्यांची छायाचित्रे नुकतीच जगापुढे आली असताना त्यांनी बोट ठेवले ते या हरवलेल्या जाणिवेवर. पुढे १९८४ साली समेट व प्रायश्चित्त या विषयावरील आपल्या प्रबोधनपत्रात पोप जॉन पॉल दुसरे यांनी या उद्गाराचे पुन्हा स्मरण करून दिले.

मग ख्रिस्ती माणसाने हसूच नये काय? तसे मुळीच नाही. योग्य वेळी, योग्य मर्यादेत विनोद करता येणे हा सद्गुण आहे, असे संत थॉमस अक्वायनस यांनी प्रतिपादन केले आहे. जो स्वतः कधी हसत नाही आणि इतरांच्या हसण्यावर विरजण घालतो, त्यालाही त्यांनी दोष दिला आहे. सोळाव्या शतकात रोममध्ये सेवाकार्य करणारे संत फिलिप नेरी हे तर आपल्या थट्टामस्करीसाठी प्रसिद्ध होते. लोक आपल्याला साधुपुरुष समजू लागले, की ते मुद्दाम काहीतरी विचित्र वेष करून बाहेर पडत. पण हेच फिलिप नेरी तासन्‌तास बसून लोकांचे पापनिवेदन ऐकत. त्यांची थट्टा असे ती स्वतःच्या मोठेपणाची. समोर गुडघे टेकून बसलेल्या माणसाच्या जखमेची थट्टा त्यांनी केली नाही.

संत थॉमस मोर यांचे उदाहरण याहूनही बोलके आहे. ६ जुलै १५३५ रोजी लंडनमध्ये शिरच्छेदासाठी त्यांना नेण्यात आले, तेव्हा वधस्तंभाचा मंच डळमळत होता. वर चढताना त्यांनी अधिकाऱ्याला म्हटले, की मला वर जायला तेवढा हात द्या, खाली येण्याचे माझे मी पाहून घेईन. स्वतःच्या मरणावर असा विनोद करू शकणारा हा मनुष्य एका शपथेच्या बाबतीत मात्र तसूभरही हलला नव्हता. एप्रिल १५३४ मध्ये राजा आठवा हेन्री याच्या बाजूची शपथ त्यांच्यापुढे ठेवण्यात आली. इंग्लंडच्या बहुतेक सर्व बिशपांनीही ती घेतली होती. तुरुंगात भेटीस आलेल्या लाडक्या लेकीनेही त्यांना परोपरीने विनवले. चार शब्द उच्चारायचे आणि मनात हसून सोडून द्यायचे, एवढेच करायचे होते. मोर यांना ते जमले नाही. कशावर हसावे आणि कशावर हसू नये, ही सीमारेषा त्यांना नेमकी ठाऊक होती.

ही रेषा कुठे असते, हे समजून घ्यायचे असेल तर संत ऑगस्टीन यांच्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाचे दुसरे प्रकरण वाचावे. उत्तर आफ्रिकेतील तागास्ते या गावी सोळा वर्षांचा ऑगस्टीन पैशाअभावी शिक्षण थांबल्याने घरी रिकामा बसलेला असतो. एका रात्री तो आणि त्याचे सवंगडी शेजारच्या नासपतीच्या झाडाची सारी फळे झाडून नेतात. फळे चवीला बरी नव्हती, दिसायलाही नव्हती. ऑगस्टीनच्या स्वतःच्या घरी याहून चांगली फळे होती. पोरांनी एखाद-दुसरे चाखले असेल, बाकीची सगळी डुकरांपुढे टाकली.

एवढ्याशा प्रसंगावर, बिशप झालेला चाळिशी ओलांडलेला हा विद्वान पानेच्या पाने लिहितो. अनेक वाचकांना त्याचे नवल वाटते, काहींना तर हसूही येते. तारुण्यातील इतर स्खलने थोडक्यात आटोपणारा माणूस चार नासपतींवर एवढा का थांबतो? कारण त्याला उत्तर सापडत नाही. भूक नव्हती, गरज नव्हती, लोभही नव्हता. मग चोरीत गोडी कशाची होती? शोधता शोधता तो दोन गोष्टींपाशी येऊन पोहोचतो. पहिली म्हणजे सोबत. एकटा असतो तर मी ते केले नसते, असे तो पुन्हा पुन्हा सांगतो. दुसरी गोष्ट म्हणजे हसू. आपण काय करीत आहोत याची ज्यांना कल्पनाही नाही, ते सकाळी कसे फसलेले असतील, या विचाराने पोरांच्या मनाला गुदगुल्या होत होत्या. मनुष्य एकटा असताना सहसा हसत नाही, हेही ऑगस्टीनने टिपून ठेवले आहे. चारचौघांत 'चल, करू या' असा शब्द निघाला, की निर्लज्ज नसण्याचीच लाज वाटू लागते.

पापावरच्या विनोदाचे सारे यंत्र येथे उघडे पडते. विनोद आपल्याला एकटे राहू देत नाही. सद्सद्विवेकबुद्धी माणसाशी बोलते ती एकांतात. हशा त्या एकांताचे दार बंद करतो. दहाजण हसले, की कृत्य दहाजणांत वाटले गेल्यासारखे वाटते आणि प्रत्येकाच्या वाट्याला इतके थोडे येते, की त्याचे निवेदन करावे असे कोणालाच वाटत नाही.

या विनोदात आणखी एक जण नेहमी गैरहजर असतो. तो म्हणजे ज्याचे नुकसान झाले तो. ऑगस्टीनच्या गोष्टीतही झाडाचा मालक कोठेच दिसत नाही. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे ख्रिस्ती आईवडील मृत्युपत्र न करता वारले, तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो. असे असूनही हक्कसोडपत्रावर बहिणीची सही 'गोड बोलून' कशी मिळवली, याची हकीकत लग्नाच्या मांडवात रंगवून सांगितली जाते. साडी-चोळी दिली, माहेरपणाला बोलावले, जेवणानंतर कागद पुढे केला. ऐकणारे टाळ्या देतात. बहीण त्या वेळी बायकांच्या पंगतीत बसलेली असते. हीच हकीकत तिच्या तोंडून ऐकली, तर त्या मांडवात कोणी हसेल काय? दारूच्या विनोदांचेही तसेच. त्यांत नवरा झुलत घरी येतो, एवढेच असते. दार उघडणाऱ्या बायकोचा आणि जागी असून झोपेचे सोंग घेणाऱ्या मुलांचा त्या विनोदात प्रवेशच होत नाही.

दावीद राजाने बथशेबाचा अपहार करून तिच्या नवऱ्याला, उरीयाला, रणात मारविले, तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला. त्याने पापाचे नाव काढले नाही, एक गोष्ट सांगितली. गरिबाच्या घरची एकुलती एक मेंढी, त्याच्याच ताटात जेवणारी, त्याच्या कुशीत झोपणारी. पाहुण्याच्या पंगतीसाठी श्रीमंताने तीच उचलून नेली. दावीद संतापून उठला. ज्या गोष्टीत उरीया नुसता एक हुकूम होता, त्या गोष्टीत नाथानने मेंढीला आणि तिच्या धन्याला परत आणले होते. तो मनुष्य तूच आहेस, हे संदेष्ट्याने सांगितले तेव्हा राजाला हसण्यावारी नेण्यास जागाच उरली नाही.

पापाचे गांभीर्य म्हणजे पापाचे भय नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. काही भाविक प्रत्येक लहानसहान विचाराने स्वतःला छळत राहतात. ख्रिस्तसभा तसे शिकवीत नाही. पाप गंभीर ठरण्यासाठी बाब गंभीर असावी लागते, तिचे पूर्ण ज्ञान असावे लागते आणि मनःपूर्वक संमती असावी लागते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षण ग्रंथात या तिन्ही अटी सांगितल्या आहेत. एवढ्या काळजीपूर्वक तोलून पाहिली जाणारी गोष्ट थट्टेची असू शकत नाही, तशी ती ऊठसूट घाबरण्याचीही नाही. डॉक्टर आजाराची टर उडवीत नाही आणि खोकल्याला क्षयही म्हणत नाही.

एक शब्द आम्हा धर्मगुरूंसाठीही. प्रवचनात लोक पेंगू लागले, की पापनिवेदनाचा एखादा चुटका सांगण्याचा मोह होतो. चुटका काल्पनिक असतो, कोणाचे गुपित त्यात नसते. पापनिवेदनाची गुप्तता तर सर्वथा अभंग आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ती मोडणाऱ्या धर्मगुरूला कठोर शिक्षा ठरवून दिली होती. पण देवळात शेवटच्या बाकावर एखादा मनुष्य बसलेला असतो. वीस वर्षांनी पापनिवेदनाला जावे की न जावे, अशा विचारात तो तीन आठवडे घुटमळत असतो. मंडळी हसतात, तोही हसतो. त्याच्या मनात जे होते ते या हशात चेष्टेचा विषय झाले, एवढेच त्याला कळते. मिस्सा संपल्यावर तो थांबत नाही.

जक्कयाच्या घरी येशू जेवायला गेला, तेव्हा तेथे आनंद होता, हे लूककृत शुभवर्तमानावरून दिसते. त्या आनंदात जक्कय उठून उभा राहिला आणि त्याने आकडे सांगितले. निम्मी मालमत्ता गोरगरिबांना, आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीप्रमाणे अन्यायाने घेतलेले परत करणे हे प्रायश्चित्ताचेच अंग आहे. म्हणून हक्कसोडपत्राची हकीकत धर्मगुरूंपुढे पापनिवेदनात आली, तर तीन 'नमो मरियां'वर ती सुटत नाही. बहिणीच्या वाट्याचे काय केले, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर मग वकिलाकडे, निबंधकाच्या कार्यालयात आणि तलाठ्याच्या फेरफार नोंदीत शोधावे लागते.